देव घरीही ऐकतो, मग चर्चला कशाला जायचं?

रविवारी सकाळी मोबाइल उघडला की एकाच वेळी कितीतरी चर्चमधली उपासना लाइव्ह दिसते. एक प्रवचन नाही पटलं तर दुसरं लावता येतं, गाणं आवडलं तर पुन्हा ऐकता येतं आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये जीव काढावा लागत नाही. कोविडमध्ये ही सोय नाइलाजाने आली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या मुहूर्तावर परत उघडली. ठाण्यात आणि नवी मुंबईत त्यानंतरही काही कुटुंबं बाकांवर परतलेली नाहीत. त्यांचा विश्वास उडाला असं मुळीच नाही. घरी प्रार्थना होते, बायबल वाचलं जातं, दानही ऑनलाइन जातं. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की सगळं घरात मिळतंय, मग तिथे जाऊन वेगळं काय मिळणार?

हाच प्रश्न आमच्या सोसायटीतल्या शेजारणीही विचारतात, पण वेगळ्या कुतूहलाने: "तुमच्यात दर रविवारी जावंच लागतं का हो?" ज्या घरात देवघर आहे आणि देवळात जाणं ज्याच्या त्याच्या सवडीवर सोडलेलं आहे, तिथे हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. ख्रिस्ती श्रद्धेत एकत्र जमणं इतकं मध्यभागी का, हे आमच्यातल्याही पुष्कळांना नीट सांगता येत नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी लिहिते आहे.

## आधी, तिथे होतं तरी काय?

रविवारच्या या एकत्र येण्याला कॅथलिक लोक मिस्सा म्हणतात, प्रोटेस्टंट लोक उपासना म्हणतात. तपशिलात फरक आहेत, पण सांगाडा बराचसा सारखा आहे. सुरुवातीला गीत, मग सगळ्यांनी मिळून पापांची कबुली, बायबलमधले पाठ, त्यावर प्रवचन, आजारी आणि अडचणीतल्या माणसांसाठी प्रार्थना, दान, आणि येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत घेतलेलं भाकर व द्राक्षारस यांचं प्रभुभोजन. मिस्सेत हे भोजन प्रत्येक वेळी असतं, अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये ते ठरावीक रविवारी असतं. अशा रीतीने नेमाने जमणाऱ्या लोकांना मंडळी म्हणतात. इमारत असो वा नसो, मंडळी असू शकते. नेरुळ-खारघरकडे कितीतरी मंडळ्या शाळेच्या नाहीतर भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, उपासना संपली की एकात एक घालून रचून ठेवायच्या, आणि तासाभरात तिथे कुणाचं तरी बारसं सुरू झालेलं असतं.

हा सांगाडा फार जुना आहे. इसवी सन १५५ च्या आसपास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक गुपचूप जमून काहीतरी भयंकर करतात अशी तेव्हा अफवा होती, म्हणून त्याने सरळ सगळा कार्यक्रमच लिहून टाकला: रविवारी गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एका ठिकाणी येतात, वाचन होतं, प्रमुख माणूस बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. पुढे तो दोन गोष्टी सांगतो, ज्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. आणि जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले पाहुणे यांच्यासाठी खर्च होतो.

म्हणजे उपासनेच्या या अगदी जुन्या वर्णनातच घरी राहिलेल्या माणसाची आठवण आहे. वरची देवाची भक्ती आणि खालची माणसांची काळजी, असे दोन मजले त्यात नाहीत.

## पंगत आणि पार्सल

लग्नघरातलं जेवण पार्सलनेही मिळतं. पदार्थ तेच, चव तीच, पोटही भरतं. पण पंगतीत बसल्यावर आणखी काही गोष्टी होतात. शेजारी कोण बसेल हे आपण ठरवत नाही. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबावं लागतं. समोरच्या आजोबांच्या पानात मीठ नाही हे दिसतं आणि आपण वाढप्याला हाक मारतो. कधी आपणच कंबर कसून वाढायला उठतो. पार्सलमध्ये जेवण मिळतं, पण आपण कुणाला वाढत नाही आणि कुणासाठी थांबत नाही.

सुरुवातीच्या काळात गावोगावी मंडळ्या उभारणारा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात नेमकं हेच प्रकरण आहे. तिथले खाऊन-पिऊन सुखी लोक आपापलं जेवण आधीच उरकत, आणि ज्यांच्याकडे काही नसे ते उपाशी राहत. पौल चिडतो. तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं तो सरळ सुनावतो, आणि उपाय सांगतो तो असा की एकमेकांची वाट पाहा. प्रार्थना कमी पडली किंवा मन एकाग्र झालं नाही अशी त्याची तक्रार नाहीच. शेजारच्या माणसाकडे दुर्लक्ष केलंत म्हणून तुमची उपासनाच बिघडली, हे त्याचं म्हणणं आहे.

ऑनलाइन उपासनेची अडचण मला इथे दिसते. प्रवचन पोचतं, गाणं पोचतं, बायबलचा पाठ पोचतो. पण आपण कुणाला दिसत नाही. आपला चेहरा उतरला आहे हे कुणाला कळत नाही आणि दुसऱ्या कुणाचा उतरलेला चेहरा आपल्यासमोर येत नाही.

## "पण दार लावून प्रार्थना करा, असं येशूनेच सांगितलं ना?"

सांगितलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे (बायबलमध्ये येशूचं जीवन सांगणारी अशी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची). पण तिथे विषय आहे तो दिखाऊ भक्तीचा, चव्हाट्यावर उभं राहून लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेचा. येशू स्वतः पहाटे एकांतात जाऊन प्रार्थना करत असे, हे शुभवर्तमानांत लिहिलेलं आहे. आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, तो आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात गेला, हेही लूकने चौथ्या अध्यायात लिहून ठेवलं आहे. तिथल्या सभास्थानातल्या लोकांचे विचार त्याला सगळेच पटत असतील असं नाही. त्याच दिवशी त्यांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटायचा प्रयत्न केला. तरी त्याचा परिपाठ होता.

एकट्याची साधना कमी दर्जाची आहे असं मला म्हणायचं नाही. आठवडाभर जो कधीच एकटा देवापुढे बसत नाही, त्याला रविवारी गर्दीत काय सापडणार? ख्रिस्ती परंपरेतही तिसऱ्या-चौथ्या शतकात शेकडो लोक इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात गेले आणि त्यांच्याकडून पुढच्या पिढ्या खूप शिकल्या. पण त्याच चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बाझिल याने एकट्याने राहणाऱ्या साधकांना एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर अजून कुणाला देता आलेलं नाही. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून सांगितलं. एकटाच राहिलास तर तू कुणाचे पाय धुणार?

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. क्षमा, सहनशीलता, दुसऱ्याला आपल्यापेक्षा मोठं मानणं, एकमेकांची ओझी वाहणं: ख्रिस्ताने आणि प्रेषितांनी सांगितलेल्या या गोष्टी समोर माणूस असल्याशिवाय करताच येत नाहीत. घरात माणसं असतात हे खरं, पण ती आपली असतात. मंडळीत आपण निवडलेली नसलेली माणसं असतात: दुसऱ्या पक्षाला मत देणारी, खूप लांब प्रार्थना करणारी, आपल्या मुलांना टोकणारी. त्यांच्याबरोबर एकाच ताटातली भाकर घ्यायची असते. हे अवघड आहे. आणि अध्यात्मात जे अवघड असतं, तेच सहसा माणसाला घडवतं.

## विश्वास डळमळतो तेव्हा

एकत्र येण्याचा अर्थ मला सगळ्यात स्पष्ट कळतो तो थोमाच्या गोष्टीत. योहानाच्या विसाव्या अध्यायात, क्रुसावर मरून पुन्हा उठलेला येशू रविवारी संध्याकाळी शिष्यांना भेटतो, आणि नेमका थोमा तिथे नसतो. बाकीचे सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणतो, मी स्वतः खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. संशयी थोमा म्हणून त्याला सगळं जग ओळखतं. पण पुढचं वाक्य आपण घाईत वाचतो: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. बाकीचे आनंदात आणि याच्या मनात ठाम नकार, तरी तो आठवडाभर त्यांना सोडून गेला नाही. त्यांनीही, आधी विश्वास ठेव मग ये, असं म्हटलं नाही. येशू त्याला भेटला तो त्यांच्यामध्ये बसलेला असताना.

दुसरी गोष्ट मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली. एका पक्षाघाती माणसाला चौघं जण खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या आजारी माणसाच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही.

हे पुस्तकापुरतं नाही. आमच्या मंडळीत एका बाईंचा तरुण मुलगा गेला. त्या येत राहिल्या, पण गात नव्हत्या. गीत सुरू झालं की पुस्तक मांडीवर मिटलेलं. शेजारी बसणाऱ्या काकूंनी काही बोलून समजावलं नाही, देवाची इच्छा वगैरे तर अजिबात नाही. त्या फक्त आपलं पुस्तक दोघींच्या मध्ये धरायच्या आणि गाताना ओळीवरून बोट फिरवत राहायच्या, लहान मुलाला वाचायला शिकवताना फिरवतात तसं. पुष्कळ रविवार असेच गेले. मग एकदा त्या बाई कडव्याची शेवटची ओळ पुटपुटल्या. त्यांनीच नंतर सांगितलं की त्या काळात त्यांना एक शब्दही प्रार्थना करता येत नव्हती, पण आपल्या वाटची प्रार्थना इथे कुणीतरी करतंय, एवढं कळत होतं. मोबाइलवर त्यांनी काय केलं असतं? आवाज बंद केला असता.

## "सगळ्यांनी मिळून गायलं की कुणीही भारावतं. त्यात देव कुठे?"

प्रश्न प्रामाणिक आहे. समूहगानाचा शरीरावर परिणाम होतो हे मोजलं गेलं आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार जुळत जातो असं दिसलं, कारण सगळे एकाच लयीत श्वास घेतात. हे देवळातही होईल, वानखेडेवरही होईल. म्हणून अंगावर काटा आला म्हणजे पवित्र आत्मा आला, असं समीकरण मांडणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहते. काही मोठ्या सभांत वाद्यांचा आवाज चढवून लोकांना रडवलं जातं, ते मला मान्य नाही.

पण ख्रिस्ती श्रद्धा शरीराला परकं मानत नाही. देवाचा शब्द देही झाला, म्हणजे देव येशूच्या रूपाने माणूस झाला, यावर ती उभी आहे. मग भक्ती श्वासातून, कंठातून, शेजारच्याच्या आवाजातून आत शिरत असेल तर त्यात कमीपणा कसला? मराठी मंडळ्यांमध्ये नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आजही गातात. धर्मशास्त्राचं एकही पुस्तक न उघडलेल्या आज्यांना ती पाठ असतात आणि आजारपणात तीच तोंडात येतात. भारावलेपण खरं की खोटं हे सोमवारी कळतं. ज्याच्याशी अबोला होता त्याला फोन केला गेला का, एवढं बघावं.

आरोग्यावरचे अभ्यासही हल्ली फार फिरवले जातात, म्हणून थोडक्यात सांगते. अमेरिकेत सुमारे ७४,५०० परिचारिकांचा १६ वर्षं मागोवा घेतला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात (२०१०) असं दिसलं की उपासनेला जाणाऱ्यांचं समाधान वाढतं ते मुख्यतः मंडळीत जिवाभावाची माणसं असतील तर. असे अभ्यास नातं दाखवतात, कारण ठामपणे सिद्ध करत नाहीत. आणि आयुष्य वाढावं म्हणून कुणी चर्चला जाऊ नये.

## "तिथली माणसं तरी कुठे चांगली आहेत?"

नाहीत. गटबाजी आहे, कमिटीच्या निवडणुकांत भांडणं आहेत, मालमत्तेवरून कोर्टकज्जे आहेत. लग्न ठरवताना जात विचारली जाते आणि तीच माणसं रविवारी एका पेल्यातून पितात. बाबासाहेब आंबेडकरांनीही भारतातल्या ख्रिस्ती समाजाला जातीवरून खडे बोल सुनावले होते, आणि ते चुकीचे नव्हते. करिंथच्या मंडळीतही हेच होतं, हे वर आलंच. पौलाने त्यांना झाडलं, पण मंडळी बंद करा असं सांगितलं नाही. एकत्र बसायला लागल्यामुळेच त्यांचा भेदभाव उघडा पडला होता. आपापल्या घरी जेवले असते तर तो कुणाला दिसलाच नसता.

मात्र एक फरक मला स्पष्ट करायचा आहे. माणसं कटकटी आहेत, ही एक गोष्ट. कुणी पदाचा गैरफायदा घेऊन छळलं, पैसे उकळले, अंगाला हात लावला, ही पूर्णपणे दुसरी. अशा वेळी सहन करा, क्षमा करा, एकत्र येणं सोडू नका, असं पीडित माणसाला सांगणं हा बायबलचा दुरुपयोग आहे. ती जागा सोडावी, तक्रार करावी, गरज असेल तर पोलिसांत जावं. मंडळ्या दुसऱ्याही आहेत.

## वेगळ्या चर्चच्या लोकांबरोबर

ठाण्याला या बाबतीत सांगण्यासारखा इतिहास आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार धर्मबंधू ठाण्यात मारले गेले. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तोलेंतिनोचा थॉमस हा त्यांच्यातला ज्येष्ठ. काही काळाने इकडे आलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती आणि त्यांच्यातल्याच एका घरात हे चौघं उतरले होते. ही घरं पूर्वेकडच्या, नेस्टोरियन म्हटल्या जाणाऱ्या चर्चची. रोमच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या दृष्टीने ते पाखंडी. शतकानुशतकं दोन चर्चचं एकमेकांशी पटत नव्हतं. तरी परक्या मुलखात दमून आलेल्या माणसांना दार उघडलं ते त्यांनीच.

आज तलावपाळीजवळ पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे कॅथलिक चर्च आहे. सेंट जेम्स चर्च इंग्रजांच्या काळातलं, १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्याचा अर्पणविधी केला. नवी मुंबईत मल्याळी, तमिळ, कोकणी, मराठी मंडळ्या आहेत, पेंटेकॉस्टल फेलोशिप आहेत. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, २०२५ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. एवढी चर्च कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते आम्हालाही वाटायला हवं.

फूट सांधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन केलं. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो, त्याची सुरुवात १९०८ ची. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी निरनिराळ्या चर्चच्या स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन एकत्र पाळतात. या दिवशी कॅथलिक, मेथडिस्ट, सीएनआयच्या बायका एका हॉलमध्ये बसलेल्या बघितल्या की मला फार बरं वाटतं. प्रभुभोजन मात्र अजून सगळ्यांना एकत्र घेता येत नाही, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे त्याबाबतचे नियम कडक आहेत. हे दुःख आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण एकत्र गाणं, वाचणं, प्रार्थना करणं, पुरात किंवा आगीत घर गेलेल्यांना मिळून मदत करणं, यांना कुणाचीच मनाई नाही.

## ज्यांना जमतच नाही त्यांचं काय?

महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, हॉस्पिटलमधल्या नर्स, अंथरुणाला खिळलेले, त्यांना सांभाळणारे: यांच्यावर हा लेख ओझं म्हणून टाकायचा नाही. लाइव्ह उपासना त्यांच्यासाठी मोठाच आधार आहे आणि ती बंद व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या बाबतीत जबाबदारी उलट बाजूला असते. जस्टिनच्या काळी सेवक वाटा घेऊन घरी जात. कॅथलिक पॅरिशमध्ये आजही आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, नेऊन देतात, पाळकही जातात. इतरांना निदान भेटीला जाता येतं. तुर्भ्याच्या चाळीत आजारी बाईच्या पलंगाशी दोघं-तिघं बसून एक गीत म्हणतात तेव्हा ती पूर्ण उपासना असते. दोघं किंवा तिघं माझ्या नावाने जमले आहेत तिथे मी आहे, असं येशूचंच वचन आहे. हजारांची अट त्याने घातलेली नाही.

## पहिल्यांदा किंवा खूप दिवसांनी जायचं असेल तर

नाताळची रात्र किंवा ईस्टर टाळा, तेव्हा इतकी गर्दी असते की कोण आलं-गेलं कळत नाही. साधा रविवार बघा. मोठ्या चर्चमध्ये मराठी, इंग्रजी, कोकणी अशा वेगवेगळ्या वेळा असतात, त्या फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेल्या असतात. ख्रिस्ती नसलात तरी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकता येतं. कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते पुढच्यांकडे बघून कळतं. दानाची पिशवी समोर आली तर पुढे सरकवली तरी चालते. प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसून राहणं योग्य, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आणि मंडळीतल्या जुन्या लोकांना एक विनंती. कुणी खूप दिवसांनी आलं तर "कुठे होतात इतके दिवस?" असं दारातच विचारू नका. बाकावर सरकून जागा करून द्या. उपासना संपल्यावर चहाला थांबवा, आणि पुढच्या रविवारी ते दिसले नाहीत तर फोन करा.